पायाखाली दबणारं डेक

1959 साली न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात क्लिंटन आणि एव्हरेट पिअरसन या ऱ्होड आयलंडच्या चुलतभावांनी ‘ट्रायटन’ ही 28 फुटी शिडाची बोट मांडली. लाकडाची नव्हे, फायबरग्लासची. एकाच साच्यातून एकामागून एक काढता येणारी. पुढे 700 हून अधिक ट्रायटन बनल्या, आणि त्यांतल्या कित्येक अजून पाण्यात आहेत. फायबरग्लास कुजत नाही, हे खरंच. पण अशा बोटींच्या डेकच्या पोटात लाकूड असतं.

हे लाकूड बाल्साचं. इक्वाडोरमध्ये वाढणारं, अतिशय हलकं. फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये त्याचे ठोकळे तंतू उभे ठेवून बसवतात. फळीची जाडी दुप्पट झाली की तिचा ताठपणा सुमारे 8 पट होतो. बाल्सामुळे ती जाडी फारसं वजन न वाढता मिळते. अट एकच, तिन्ही थर एकमेकांना घट्ट चिकटलेले हवेत.

घात करतात ती बोल्टांची भोकं. कठड्याचे खांब, दोर बांधायच्या खुंट्या, डोलकाठीच्या तारा धरणाऱ्या पट्ट्या, सगळं डेकला भोक पाडूनच बसतं. माणसं कठड्याला धरून बोटीवर चढतात, खांब हलतो, बोल्टभोवतीचं सील सुटतं. पाणी आत झिरपतं, ठोकळ्यांमधल्या फटींतून सरकतं. काही वर्षांत बाल्साचा काळा लगदा होतो आणि पाय पडला की डेक दबतं.

दोष कुठवर पसरलाय ते कानाला कळतं. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत जायचं; आवाज खणखणीत आला तर ठीक, फुटक्या मडक्यासारखा बद्द आला तर खालचा थर सुटलाय. खडूने आखलेली ही हद्द बहुधा पायाला जाणवलेल्या जागेपेक्षा बरीच मोठी निघते.

बारीक भोकं पाडून सिरिंजने इपॉक्सी भरण्याचा मोह इथेच होतो. लाकूड कोरडं असून नुसता थर सुटला असेल, तर ते चालतं. ओल्या, कुजक्या बाल्साला मात्र इपॉक्सी नीट धरत नाही आणि आत कोंडलेलं पाणी कूज चालूच ठेवतं. तिथे डेक कापण्याला पर्याय नाही.

वरचा थर कापून उचलायचा, निरोगी लाकूड लागेपर्यंत कुजका गाभा खरवडायचा आणि जागा पूर्ण सुकू द्यायची. यात घाई केली तर सगळी मेहनत वाया जाते. मग नवा बाल्सा किंवा फोम दाट इपॉक्सीत दाबून बसवायचा. सांध्याच्या कडा थराच्या जाडीच्या 12 पट रुंदीपर्यंत उतरत्या घासायच्या, म्हणजे 3 मिलिमीटरच्या थराला 36 मिलिमीटर. त्यावर नवं फायबरग्लास चढवायचं. घासताना मास्क हवाच. ती धूळ फुप्फुसांना घातक.

खरी दुरुस्ती भोकांची. मापापेक्षा मोठं भोक पाडून ते इपॉक्सीने भरायचं आणि ते कडक झालं की मधोमध बोल्टचं भोक पाडायचं. मग सील गळलं तरी पाणी बाल्सापर्यंत पोचत नाही. डेकच्या ज्या भागात आवाज अजून खणखणीत येतो, तिथल्या बोल्टांचंही हे काम त्याच हंगामात उरकावं. तिथे अजून काही कापावं लागत नाही.