शहरात शेतीला जागा शोधताय?

लोकलच्या खिडकीतून रुळांलगत पालक, माठ, भेंडीचे वाफे दिसतात ना? जमीन रेल्वेची. ‘ग्रो मोअर फूड’ योजनेत रेल्वे आपल्याच कर्मचाऱ्यांना असे मोकळे पट्टे लागवडीसाठी देत आली आहे. कल्पना झकास! जमीन कसली जाते, अतिक्रमणही टळतं. खोट आहे ती पाण्यात. काही ठिकाणी शेजारच्या नाल्याचंच पाणी उपसून घालतात आणि पालेभाज्या त्यातले जड धातू शोषून घेतात.

म्हणून सोसायटीमागे रिकामी जागा दिसली की आधी नळ शोधा. मग ऊन मोजा: टोमॅटो-वांग्याला सहा तास हवंच, पालक-मेथीचं चार तासांतही भागतं. खाली डेब्रिजचा भराव असेल, तर उंच वाफे बांधून चांगली माती भरा. आणि हो, कुदळ मारण्याआधी कमिटीची लेखी परवानगी घ्या!