मॅट : गिरणी एक, नफे दोन

आमचा तंजावूर जिल्हा म्हणजे कावेरीच्या खोऱ्यातलं भाताचं कोठार. म्हणून उदाहरणाला एक काल्पनिक भातगिरणी घेऊ, प्रायव्हेट लिमिटेड. दर 2023-24 आणि 2024-25 चे. 4 टक्के सेस शेवटी लागतो, तो इथे धरलेला नाही.

गिरणीने एप्रिल 2023 मध्ये 1 कोटी 20 लाखांचा सोलर प्लांट बसवला. घसारा धरण्याआधीचा नफा 86 लाख. कंपनीच्या वहीत घसारा 6 लाख, म्हणून नफा 80 लाख. आयकर कायदा मात्र सोलरवर 40 टक्के घसारा देतो, म्हणजे 48 लाख. करपात्र उत्पन्न उरलं 38 लाख. उलाढाल 400 कोटींच्या आत, म्हणून दर 25 टक्के. कर साडेनऊ लाख.

इथे मॅट, म्हणजे किमान पर्यायी कर, आडवा येतो. भागधारकांना लाभांश वाटायचा आणि सरकारला शून्य दाखवायचा, या प्रकाराला आवर घालायला 1987 च्या अर्थसंकल्पात ही कल्पना आली. आता वहीतल्या नफ्यावर 15 टक्के : 80 लाखांवर 12 लाख. जो आकडा मोठा तो भरायचा. जादा गेलेले अडीच लाख बुडत नाहीत. ते मॅट क्रेडिट, 15 वर्षं पुढे नेता येतं.

दुसऱ्या वर्षी उरलेल्या 72 लाखांवर घसारा 28.80 लाख, उत्पन्न 57.20 लाख, कर 14.30 लाख. मॅट तोच 12. मधल्या 2.30 लाखांइतकंच क्रेडिट वापरता येतं. भरायचे 12 लाख, शिल्लक क्रेडिट 20 हजार.

आता खरा पेच. 22 टक्क्यांची सवलत घेतली तर मॅट नाही, पण 10 टक्के अधिभार ठरलेला, म्हणजे 24.2 टक्के. साचलेलं क्रेडिट जातं आणि परतीची वाट नाही. दुसऱ्याच वर्षी उडी मारली तर 13.84 लाख भरावे लागतील, 12 नव्हे! तिसऱ्या वर्षी नफा तोच राहिला तर उत्पन्न 68.72 लाख : जुन्या पद्धतीने 20 हजार वजा जाता 16.98 लाख, नव्याने 16.63. तेव्हा 20 हजारांवर पाणी सोडायला माझी हरकत नाही. मात्र ‘दहा-आयसी’ फॉर्म विवरणपत्राच्या मुदतीतच भरायचा.

गिरणी भागीदारीत असेल तर हा मॅट लागू नाही.