खाणीवरची माती : एक शब्द आणि एक आराखडा

काही काळापूर्वी एका दगडखाणीच्या आराखड्याचा मराठी तर्जुमा तपासण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. खडकाच्या वर जे जे काही असते त्या सर्वांस त्यात ‘टाकाऊ माल’ असा एकच शब्द योजलेला होता. भाषेच्या अभ्यासकास हा प्रथम केवळ शब्दयोजनेचा दोष वाटला. परंतु पुढे ती खाण प्रत्यक्ष पाहिली तेव्हा काळी माती, मुरूम आणि फुटका दगड हे सारे एकाच ढिगात पडलेले आढळले. तो ढीग निवडून पुन्हा वेगळा करणे आता कोणासही शक्य नव्हते. शब्दातील चूक अशी जमिनीवर उतरते, म्हणून या विषयाचा थोडा विचार करणे अगत्याचे वाटते.

दख्खनच्या पठाराचा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झालेला आहे. खडीसाठी व बांधकामासाठी जो घट्ट काळवथर फोडतात, त्यावर झिजलेला, अर्धवट कुजलेला खडक असतो. त्यावर मुरूम आणि सर्वांत वर माती. विहीर खणणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्यास हे थर नावानिशी ठाऊक असतात. माती या थरांतील सर्वांत पातळ. टेकडीच्या उतारावर ती वीतभरही नसते. सखल भागात हातभर किंवा अधिक. परंतु बीज, मुळे, बुरशी, जीवाणू व कुजलेला पाला यांचा संचय मुख्यतः याच थरात असतो. खडकापासून एक सेंटीमीटर माती घडण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लागू शकतो. यंत्राने ती काढण्यास काही क्षण पुरतात.

यास्तव खाणीच्या आराखड्याचा प्रारंभ दगडापासून नव्हे, तर मातीपासून व्हावयास हवा. प्रथम ठिकठिकाणी खड्डे घेऊन मातीची जाडी मोजावी व तिचा हिशेब मांडावा. एक हेक्टर क्षेत्रावर सरासरी ३० सेंटीमीटर माती असेल, तर ती ३,००० घनमीटर भरते. ती दोन मीटर उंचीने साठवावयाची म्हटले तरी किमान १,५०० चौरस मीटर, म्हणजे त्या क्षेत्राच्या १५ टक्के जागा लागते. ढिगाच्या बाजूंना उतार ठेवावा लागतो आणि खणलेली माती फुगते, म्हणून प्रत्यक्षात याहून अधिक. ही जागा नकाशावर आधीच राखून ठेवली नाही, तर पहिल्याच महिन्यात मातीवर मुरूम पडतो.

माती काढण्याचा काळही महत्त्वाचा आहे. आपली काळी माती चिकण असते. ती ओली असताना वाहनांच्या चाकांखाली दाबली गेली की तिच्यातील पोकळ्या मिटतात आणि हवा व पाणी यांचा मार्ग बंद होतो. म्हणून हे काम पावसाळ्यापूर्वी, माती कोरडी असताना उरकावे. ढीग दोन-तीन मीटरांहून उंच नसावा, कारण उंच ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही आणि तेथील जीवसृष्टी क्षीण होते. पहिल्या पावसाबरोबर ढिगावर ताग किंवा गवत पेरावे, म्हणजे धूप थांबते. तरीही साठवण हा दुय्यम उपाय होय. नव्या भागावरून काढलेली माती, ज्या भागाचे काम संपले आहे त्यावर त्याच हंगामात नेऊन पसरणे हा उत्तम मार्ग. खोल खाणीचा तळ लवकर मोकळा होत नाही, पुष्कळदा तो पाण्याने भरतो. तेथे ही माती काठावर व वरच्या पायऱ्यांवर वापरावी.

माती परत घालतानाही क्रम पाळावा लागतो. गुळगुळीत पाषाणावर थेट माती पसरली, तर पावसाळ्यात पाणी मध्येच तुंबते आणि पावसाळा सरताच माती तडकते. म्हणून खाली फुटका दगड, त्यावर मुरूम आणि शेवटी माती, असा निसर्गाचाच क्रम ठेवावा. तीन वस्तू वेगळ्या साठविल्या असतील तरच हे शक्य आहे.

माती उरलीच नसेल तर काय होते, याचे उदाहरण केनियातील मोंबासाजवळच्या बांबुरी येथे मिळते. तेथील चुनखडकाच्या उजाड खाणीत रेने हॅलर यांनी १९७१ मध्ये वृक्षारोपणास आरंभ केला. सुरूची झाडे तगली, पण त्यांचा गळालेला पाला कुजेना. तेव्हा सहस्रपाद किडे आणून सोडण्यात आले. त्यांनी तो पाला खाऊन हळूहळू खत बनविले. आज तेथे वनराई आहे. उदाहरण आशादायक खरेच, परंतु जी वस्तू वेगळी ठेवता आली असती ती नव्याने घडविण्यास किती वर्षे लागतात, हेही त्यातून दिसते.

खनिज संवर्धन व विकास नियम, २०१७ यांनी वरची माती स्वतंत्र काढून पुनर्वापरात आणण्याची तरतूद केली आहे; तथापि ते नियम गौण खनिजांना लागू नाहीत, आणि बांधकामाचा दगड हे गौण खनिज आहे. त्याचे नियमन १९५७ च्या अधिनियमान्वये राज्यांकडे येते. म्हणूनच प्रत्येक खाणीच्या स्वतःच्या आराखड्यात काय लिहिले जाते, यास विशेष महत्त्व आहे.

‘मृत्तिका’ या संस्कृत शब्दापासून आलेला ‘माती’ हा शब्द मराठीत दोन विरुद्ध भाव वाहतो. ‘मातीमोल’ म्हणताना आपण तिला कवडीची किंमत देतो आणि ‘काळी आई’ म्हणताना तिच्यापुढे वाकतो. आराखडा लिहिणाऱ्याने निदान एवढे करावे : माती, मुरूम व फुटका दगड हे तीन शब्द तीन निरनिराळ्या रकान्यांत लिहावेत आणि प्रत्येकापुढे त्याचे घनमीटर व त्याची जागा नमूद करावी. कागदावर ज्यास स्वतंत्र रकाना मिळतो, त्यास जमिनीवर स्वतंत्र ढीग मिळण्याची शक्यता तरी राहते.