कोळीवाड्याचे खळे

मुंबईच्या नकाशावर कोळीवाड्याची घरे दिसतात. घरांमधील खळे मात्र ‘मोकळी जागा’ म्हणूनच वाचले जाते. वस्तुतः वेसाव्याचे वा वरळीचे खळे मोकळे असे फारच थोडा वेळ असते. पाऊस सरला की बांबूच्या वलांड्यांवर बोंबील टांगले जातात, जमिनीवर जवळा पसरला जातो, कडेला जाळ्यांची दुरुस्ती चालते. तेथेच लग्नाचा मांडव पडतो, नारळी पौर्णिमेला गाव जमतो आणि जमातीची बैठकही भरते. कामाची जागा आणि समाजाची जागा यांत येथे भिंत नाही.

अशा वस्तीसाठी सभागृहाची कल्पना निघाली की आराखडा ठरलेलाच असतो: चार भिंती, लोखंडी दार, गुळगुळीत फरशी. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ती वास्तू खळ्यावरच उभी राहिली, तर सुकवणीची जागा जाते. आणि मासळी सुकविणे व विकणे हे प्रामुख्याने स्त्रियांचे काम असल्याने त्याची झळ प्रथम त्यांच्या कमाईला बसते. समारंभ वर्षातून मोजके. एरवी दाराला कुलूप.

म्हणून रचनेचा पहिला नियम असा की, खळे खळेच राहावे. छप्पर हवे ते त्याच्या कडेला, खांबांवर तोललेले आणि बाजूंनी खुले. १ जूनपासून मासेमारी बंद असते. भर पावसात जाळी विणायला आणि माणसांना बसायला तेवढा आडोसा पुरतो. जोते भरतीच्या पाण्याहून उंच हवे, जमीन खरबरीत व उताराची हवी. खाऱ्या हवेत सळ्या लवकर गंजतात, याचाही विचार बांधकामात हवा. गोड्या पाण्याचा नळ, दिवा आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह यांना शोभेच्या कमानीआधी स्थान मिळाले पाहिजे.

मात्र जागाच हातची गेली, तर रचनेची चर्चा व्यर्थ ठरते. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. १९८१ च्या विकास आराखड्यातील किंवा शासकीय नोंदींतील कोळीवाडे नकाशावर आखावेत, असे तीत म्हटले होते. ही आखणी घरांच्या भिंतींपाशीच थांबली आणि खळी बाहेर राहिली, तर वस्ती कागदावर वाचेल, तिचा व्यवसाय वाचणार नाही.

येथे वरळीचा अनुभव बोलका आहे. किनारी रस्त्याच्या पुलाखालून बोटी नेण्यास खांबांमधील ६० मीटर अंतर अपुरे आहे, हे मच्छीमारांना अनुभवाने ठाऊक होते. दीर्घ आंदोलनानंतर ते अंतर १२० मीटर करण्याचे मान्य झाले. हेच आधी विचारले असते तर कलह टळला असता. खळ्याच्या बाबतीत तरी कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी, पहाटे तेथे बोंबील टांगणाऱ्या बाईला तिची जागा कोठून कोठवर, एवढे विचारले जावे.