दोन मुलं, दोन नजरा

सरकी टोबून झालीय, पण ढग नुसते येतात न् जातात. यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावकडं, कापसाच्या मुलखात, अशा दिवसांत घरातली मोठी माणसं गप्प गप्प होतात. ह्या गप्प घरांवर एक मराठी चित्रपट आहे. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस', २००९ सालचा. 'गाभ्रीचा' ही वऱ्हाडी शिवी, आणि ती खायची पाळी पावसावर आलीय!

विदर्भातला शेतकरी किसना. गावातल्या एका शेतकऱ्यानं आत्महत्या केल्यापासून त्याची बायको अलका धास्तावलीय. नवऱ्याच्या मनातही असलं काही आलं तर? म्हणून ती चिमुकल्या दिनूला बापावर नजर ठेवायला सांगते. खेळायच्या वयात पोराच्या वाट्याला राखण आली, तीही पिकाची नाही, बापाची! बघताना हसू येतं आणि पोटात खड्डाही पडतो.

आता दुसरा मुलगा, जब्या. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१४ साली थिएटरात लागला. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. जब्या शाळेत जातो, वर्गातली शालू त्याला आवडते. पण गावातली डुकरं पकडायचं काम त्याच्याच घराच्या माथी! सारं गाव कडेला उभं राहून हसतं, त्यात शाळेतली पोरंही. डुक्कर हाताशी येतं आणि नेमकं शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं, डुक्कर मात्र पसार!

जब्या झालेला सोमनाथ अवघडे मंजुळे यांना हलगी वाजवताना दिसला होता. ह्या पोरानं उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला.

शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट आपल्याच दिशेनं! का बरं? कारण इतका वेळ आपणही बघतच होतो ना?

दिनू बघतो ते जपण्यासाठी. गाव बघतं ते हसण्यासाठी. दोन्ही बघणंच, पण केवढा फरक!

तुमच्या वर्गात एखादा जब्या असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. आणि घरातलं कुणी फारच गप्प वाटलं, तर दिनूसारखी एकट्यानं राखण करू नका. काकांना, मावशीला, गुरुजींना लगेच सांगा. एवढं मोठं ओझं एकट्या पोरानं वाहायचं नसतं.