इंग्लिश थ्रो, स्पॅनिश पास

नोव्हेंबर २००८. स्टोक सिटीविरुद्ध हल सिटी. हलचा गोलरक्षक बोआझ मायहिल दबावाखाली चेंडू बाहेर मारणार आहे. बाजूच्या रेषेबाहेर मारला, तर स्टोकला साधा थ्रो-इन. मायहिलने काय करावं? सरळ चेंडू आपल्याच गोलरेषेमागे घालवला आणि कॉर्नर देऊन टाकला! कारण स्टोककडे रोरी डिलॅप होता. हा गडी लहानपणी भालाफेक करायचा. टॉवेलने चेंडू कोरडा करायचा, चार पावलं धावायचा आणि हातानेच सपाट, सुसाट चेंडू थेट गोलपोस्टसमोर भिरकवायचा. तिथे स्टोकचे उंचेपुरे खेळाडू डोकं लावायला टपलेलेच असत. त्या थ्रोपेक्षा कॉर्नर परवडला, असा मायहिलचा हिशेब. मला तो आजही शंभर टक्के पटतो.

इंग्लिश लीगचा हाच खरा रंग. चेंडू पुढे गेला पाहिजे आणि लवकर गेला पाहिजे. एखादा करकचून टॅकल झाला किंवा कॉर्नर मिळाला, तरी तिथलं स्टेडियम गर्जून उठतं. स्पेनमध्ये चेंडू उगाच लांब टोलवून घालवलात, तर घरचेच प्रेक्षक शिट्ट्या मारून नाराजी दाखवतात. अगदीच रटाळ खेळ झाला, तर हजारो पांढरे रुमाल फडकतात. रीत बुलफाइटच्या रिंगणातली. तिथे रुमाल मॅटाडोरच्या कौतुकाचा, फुटबॉलमध्ये मात्र बहुतेक वेळा निषेधाचा. पण हेच प्रेक्षक कौतुकातही मागे राहत नाहीत. नोव्हेंबर २००५ मध्ये रोनाल्डिन्योने दोन अफलातून गोल करून बार्सिलोनाला ३-० असं जिंकून दिलं, तेव्हा रेआल माद्रिदचे चाहते आपल्याच बर्नाबेऊ स्टेडियममध्ये उभे राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते.

आता गंमत ऐका. स्पेनला छोट्या पासचे धडे देणाऱ्या पहिल्या मोठ्या गुरूंपैकी एक चक्क इंग्लिश होता! फ्रेड पेंटलंड. इंग्लंडकडून पाच सामने खेळलेला हा फॉरवर्ड पहिल्या महायुद्धात जर्मनीतल्या रुहलेबेन छावणीत अडकला. सुटल्यावर फिरत फिरत स्पेनला पोचला आणि १९२२ मध्ये बिल्बाओच्या अ‍ॅथलेटिक क्लबचा प्रशिक्षक झाला. पहिल्याच दिवशी त्याने खेळाडूंना बुटाची नाडी नीट कशी बांधायची ते शिकवलं, असं सांगतात. मग शिकवला जमिनीवरून छोट्या पासचा खेळ. त्याच्या डोक्यावर कायम गोल बोलर हॅट असे. मोठा सामना जिंकला की पोरं ती हॅट हिसकावून तिच्यावर नाचत आणि चेंदामेंदा करून टाकत. नाचायची संधीही भरपूर मिळाली. १९२९-३० मध्ये एकही सामना न हरता लीग, पुढच्या वर्षी पुन्हा लीग आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये बार्सिलोनाचा १२-१ असा फडशा! त्यात बाता या एकट्या फॉरवर्डचे सात गोल.

हाच क्लब आजही बास्क प्रांतात जन्मलेल्या किंवा तिथे घडलेल्या खेळाडूंनाच घेतो, तरीही तो कधीही दुसऱ्या श्रेणीत घसरलेला नाही. लीग सुरू झाल्यापासून असा विक्रम फक्त तीन क्लबांचा. उरलेले दोन म्हणजे रेआल आणि बार्सा. अ‍ॅथलेटिकच्या सान मामेस मैदानावर पहिल्यांदा खेळायला येणारा संघ जुन्या काळचा गोलवीर पिचीचीच्या पुतळ्यापुढे फुलं वाहतो. स्पेनमध्ये सर्वाधिक गोलांचा पुरस्कारही त्याच्याच नावाने देतात.

पेंटलंडची उधारी स्पेनने २०१६ मध्ये सव्याज फेडली. स्पॅनिश प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला मँचेस्टर सिटीत आला आणि त्याने गोलरक्षकालाही पास द्यायला लावलं. २०१७-१८ मध्ये सिटीने बरोबर १०० गुण मिळवले. इंग्लंडच्या अव्वल श्रेणीत तोवर कुणालाच ते जमलं नव्हतं.

नियमांतही मजेदार फरक आहे. गुण सारखे झाले, तर इंग्लंडमध्ये आधी गोलफरक बघतात आणि स्पेनमध्ये त्या दोन संघांचे आपसातले सामने. २००६-०७ मध्ये रेआल आणि बार्सा दोघांचे ७६ गुण झाले. गोलफरकात बार्सा कितीतरी पुढे, पण आपसातल्या सामन्यांत रेआल सरस, म्हणून करंडक माद्रिदला. इंग्लिश नियम असता, तर तो बार्सिलोनाला गेला असता! चेंडू रेषेपार गेला की नाही हे सांगणारं यंत्र प्रीमियर लीगने २०१३ मध्येच आणलं. स्पेनने नाही आणलं आणि एप्रिल २०२४ च्या एल क्लासिकोत, म्हणजे रेआल-बार्सा लढतीत, बार्साच्या लामिन यामालच्या स्पर्शानंतर चेंडू रेषेपार गेला का, यावर रण पेटलं. व्हिडिओ तपासूनही गोल काही मिळाला नाही. इतक्या श्रीमंत लीगने एवढी काटकसर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नाताळात स्पेनची लीग सुट्टीवर जाते, इंग्लंडमध्ये मात्र तेव्हाच सामन्यांची झुंबड उडते. २६ डिसेंबर १९६३ ला अव्वल श्रेणीच्या दहा सामन्यांत ६६ गोल झाले. फुलहॅमने इप्सविचला १०-१ असं धुतलं आणि दोनच दिवसांनी त्याच इप्सविचने फुलहॅमला ४-२ ने हरवलं!

टीव्हीच्या बाबतीत आपण नशीबवान. मैदानावरची गर्दी घटू नये म्हणून ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच फुटबॉलचं थेट प्रक्षेपण होत नाही. तीनचा सामना पुण्या-मुंबईत रात्री साडेआठला, उन्हाळ्यात साडेसातला, जेवता जेवता दिसतो. मँचेस्टरच्या माणसाला घरच्या टीव्हीवर तो मिळत नाही. स्पेनचा रात्री नऊचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे दीडला सुरू होतो, त्यासाठी मात्र जागरण ठरलेलं.

गोवेकरांना तर स्पॅनिश शैली घरपोच मिळाली. बार्सिलोनाच्या मुशीत घडलेला सर्जिओ लोबेरा २०१७ मध्ये एफसी गोवाचा प्रशिक्षक झाला. सोबत आला फेरान कोरोमिनास, सगळ्यांचा कोरो. मे २००६ मध्ये हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, अगदी शेवटच्या क्षणी गोल करून एस्पान्योलला पहिल्या श्रेणीत टिकवणारा हाच तो. गोव्यात त्याने लागोपाठ दोन हंगाम भारतीय लीगमधल्या सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट पटकावला. लोबेरा पुढे मुंबई सिटीत गेला आणि २०२०-२१ मध्ये मुंबईला लीग शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकून दिले.