आकाश खुलं, पण कोणासाठी? विमानकरार आणि संरक्षणाचा हिशेब

मागच्या व्याख्यानात आपण आयातशुल्काबद्दल बोललो. परदेशी माल महाग करायचा म्हणजे देशी कारखाना टिकतो, हा त्यातला साधा तर्क. आज जो व्यापार घेतोय त्यात शुल्क नाहीच. इथे थेट मोजून दिलं जातं, की तुमच्या विमान कंपनीने आमच्या देशात आठवड्याला इतक्याच सीटा आणायच्या. आणि त्याही याच शहरांत.

हे कुठून आलं? १९४४ साली, युद्ध संपायच्या आधीच, शिकागोत परिषद भरली. अमेरिकेकडे मोठी वाहतूक विमानं तयार होती, त्यामुळे तिला आकाश खुलं हवं होतं. ब्रिटनकडे तशी विमानं नव्हती, म्हणून ब्रिटनला नियंत्रण हवं होतं. बघा, तत्त्वं किती सोयीची असतात! शेवटी ठरलं ते असं, की प्रत्येक देशाचा आपल्या डोक्यावरच्या आकाशावर पूर्ण हक्क, आणि परवानगीशिवाय दुसऱ्याची नियमित विमानसेवा तिथे येणार नाही. मग दोन-दोन देश आपापसात करार करत गेले. पहिला मोठा नमुना म्हणजे १९४६चा अमेरिका-ब्रिटनचा बर्म्युडा करार. पुढे जागतिक व्यापार संघटनेचा सेवांचा करार झाला, त्यातूनही हे वाहतुकीचे हक्क मुद्दाम बाहेर ठेवले. म्हणजे कापड, औषधं, सॉफ्टवेअर या व्यापारात मोकळीक हा नियम आणि बंधन हा अपवाद मानतात. विमानांत नेमकं उलटं आहे.

आता आपलं उदाहरण घेऊ, दुबईचं. एमिरेट्स १९८५ मध्ये सुरू झाली आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या मार्गांत मुंबई होती. आज भारत-दुबई करारात प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे ६६ हजार सीटा आहेत. हा आकडा २०१४ मध्ये ठरला. त्यानंतर दुबईने अनेकदा वाढ मागितली आणि दिल्लीने नकार दिला.

का दिला? यात एक मेख आहे. मुंबईहून दुबईला जाणारे सगळेच काही दुबईला उतरत नाहीत. कोणी पुढे लंडनला जातं, कोणी न्यूयॉर्कला. एमिरेट्स माणूस मुंबईहून आपल्या घरी नेते आणि घरून पुढे पाठवते. विमानांच्या भाषेत याला ‘सहावं स्वातंत्र्य’ म्हणतात. दुबईची स्वतःची लोकसंख्या लहान, तेव्हा एवढी मोठी कंपनी दुसऱ्यांच्या प्रवाशांवरच उभी राहणार. मग एअर इंडियाचं म्हणणं असं, की दुबईला दिलेली प्रत्येक जादा सीट आमच्या थेट लंडन-न्यूयॉर्क विमानातून उचललेली असते. हे म्हणणं मला खोटं वाटत नाही. मोठ्या पल्ल्याचं विमान भरायला वर्षं लागतात. एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी नोंदवली, इंडिगो २०२५ पासून मुंबईहून ॲमस्टरडॅम आणि मँचेस्टरला जायला लागली. या रोपट्यांना थोडं कुंपण हवं, हे समजू शकतं.

आपल्या २०१६च्या धोरणात हे कुंपण किलोमीटरमध्येच आखलंय. दिल्लीपासून ५ हजार किलोमीटरपलीकडच्या देशांशी परस्पर खुलं आकाश, अलीकडे मात्र बहुतांशी मोजूनमापून. दुबई, दोहा, सिंगापूर, तिन्ही बरोब्बर रेषेच्या आत.

पण कुंपण घालताना आत कोण आणि बाहेर कोण, हे तपासायला नको का? आपल्याकडे एक ‘पाच-वीस’ नियम होता. भारतीय कंपनीला परदेशी उडायचं तर आधी पाच वर्षं देशात उडायचं आणि ताफ्यात वीस विमानं हवीत. फ्लायदुबई २००९ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी लखनौला उतरली. तेवढ्याच वयाच्या भारतीय कंपनीला मात्र लखनौहून दुबईला जायला बंदी! यात राष्ट्राचं संरक्षण कुठे आहे? संरक्षण झालं ते आधीपासून उडणाऱ्या दोन-चार कंपन्यांचं. पाच वर्षांची अट गेली ती थेट २०१६ मध्ये.

दुसरं उदाहरण अबुधाबीचं. २०१३ मध्ये एतिहादने जेट एअरवेजचा २४ टक्के हिस्सा घेतला. त्याच सुमारास अबुधाबीचा कोटा आठवड्याला सुमारे १३ हजारांवरून टप्प्याटप्प्याने ५० हजारांवर न्यायचं ठरलं. एप्रिल २०१९ मध्ये जेट जमिनीवर आली. सीटा दिल्या त्या दिल्याच. मला विचाराल तर हा सौदा बंद करण्यापेक्षा वाईट आणि खुला करण्यापेक्षाही वाईट होता, कारण वाढीव हक्क एका कंपनीच्या अडचणीला बांधले गेले.

आता प्रवाशाकडे या. आखातात कामाला असलेला खेड-रत्नागिरीचा माणूस ईदला किंवा गणपतीत घरी येतो. त्याला लंडनला जायचं नाही. त्याच्यासाठी सीट कमी म्हणजे तिकीट महाग, एवढाच अर्थ. न्यूयॉर्कच्या विमानासाठी जे संरक्षण आहे, त्याची किंमत हा माणूस भरतोय.

शहरांचंही तेच. कतार एअरवेजला नागपूर मिळालं, एमिरेट्सला पुणे नाही. कारण करार वेगवेगळे, यादी वेगळी. अमिरातीने २०२२ मध्ये आठ नवी शहरं मागितली. त्यात पुणे, गोवा, कण्णूर, अमृतसर होती. नवी बिगर-महानगर शहरं परदेशी कंपन्यांना द्यायची नाहीत, हे सरकारचं धोरण. कण्णूरने २०१८ मध्ये नवा विमानतळ बांधून सुरू केला आणि परदेशी कंपन्यांची वाट बघत बसला.

सगळं एकदम उघडा असं मी म्हणत नाही. पण मुंबई आणि दिल्ली, जिथून आपल्या कंपन्या लांबचा पल्ला उभारतायत, तिथे कोटा ठेवा. पुणे, कण्णूरहून आपल्या कंपन्या लंडनला थेट जात नसतील, तर तिथल्या सीटा अडवून कोणाचं रक्षण होतं, याचं उत्तर मंत्रालयाने द्यावं. आणि मुंबईच्या कोट्यालाही तारीख हवी. विमानं कधी येणार हे कंपन्या स्वतःच सांगतात, त्या वेळापत्रकाला बांधून दरवर्षी थोड्या सीटा वाढवता येतील. बदल्यात काय मागायचं, तर दुबईच्या विमानतळावर आपल्या विमानांना सोयीच्या वेळा.